देठ खुडणारी साडेतीन बोटं

मंगळवार, सात जानेवारी. सकाळी साडेअकराच्या सुमारास दोंडाईच्याजवळच्या आमच्या मिरचीच्या शेडमध्ये चार हजार आठशे रुपयांच्या खरेदीला मंजुरी मिळाली. रबरी हातमोजे, चाळीस जोड, प्रत्येकी एकशे वीस. हजर तिघे: शेडचे मालक नाना, कामगार बायांतर्फे सुमनअक्का आणि देखरेखीला असलेला मी. अक्का त्या वेळी उजवा हात पदराखाली धरून उभ्या होत्या. थंडी होती म्हणून असेल, असं मला वाटलं.

मी राहतो धुळ्यात आणि रोज एसटीने शेडवर जातो. चौदा वर्षं हे काम करतोय. या लेखात सगळी चौदा वर्षं सांगण्यात अर्थ नाही. मागच्या हंगामातले तीन महिने सांगतो, कारण त्या तीन महिन्यांचे सगळे आकडे माझ्या वहीत आहेत आणि तरीही त्यांतलं बरंचसं मला नीट कळलेलं नाही.

आधी काम काय असतं ते सांगतो. लाल मिरची पथारीवर, म्हणजे उघड्या मैदानात पसरून, वाळवतात. वाळली की ती शेडमध्ये येते. तिथे बाया तिचे देठ खुडतात. डाव्या हातात मिरची, उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट देठावर, मनगटाला एक हिसका, देठ मागे, मिरची टोपलीत. हे काम यंत्रही करतं, पण यंत्राने मिरची फुटते, बी सांडतं आणि भाव पडतो. म्हणून चांगला माल हातानेच. बाया पाच-सहा जणींचं रिंगण करून बसतात आणि प्रत्येकीची टोपली वेगळी. संध्याकाळी वजन होतं. किलोला बारा रुपये. आमच्याकडे चांगला हात असलेली बाई दिवसाला अठरा किलो करते, म्हणजे दोनशे सोळा रुपये.

एका रविवारी मी एक किलो मिरची घरी आणली आणि मोजून खुडली. आठशे बारा मिरच्या निघाल्या. मला एक तास पन्नास मिनिटं लागली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "एवढ्या वेळात मी दहा माणसांचा स्वयंपाक केला असता." माझे हात रात्रीपर्यंत पेटलेले होते. आठशे बारा गुणिले अठरा म्हणजे चौदा हजार सहाशे सोळा. एवढे हिसके, एका मनगटाला, एका दिवसात. हा आकडा मी तीनदा तपासला.

हे सगळं मी करायला लागलो त्याचं कारण डिसेंबरात जळगावला झालेलं एका दिवसाचं शिबिर. कामाच्या जागी इजा कशा टाळाव्यात, असा विषय. मला वाटलं होतं आग विझवायला शिकवतील. पण तिथे एका डॉक्टरांनी फळ्यावर हाताचा पंजा काढला आणि सांगितलं की एकच हालचाल हजारो वेळा केली की मनगटातल्या अरुंद वाटेने जाणारी नस दाबली जाते. मग हात जळतो, मुंग्या येतात, झोपेतून उठून हात झटकावा लागतो. पुढे चिमटीतला जोर जातो. त्यांनी अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू खडूने रंगवली. साडेतीन बोटं. करंगळी कोरी ठेवली, कारण करंगळीची नस दुसरी, ती त्या वाटेने जात नाही. उपाय चार सांगितले: घंटा वाजवून मध्ये मध्ये विश्रांती, कामाची अदलाबदल, हाताला सोसेल असं साधन आणि बसण्याची नीट पद्धत. रोग जडल्यावर पळापळ करण्यापेक्षा आधीच हे करा, म्हणाले.

मी चारही लिहून आणले. नानांना वाचून दाखवले. नाना म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्या आईने पंचवीस वर्षं रोज तीस भाकरी थापल्या. तिच्यासाठी कोणी घंटा वाजवली नाही." तरी साधन म्हणून हातमोज्यांना त्यांनी हो म्हटलं. मिरचीची आगही कमी होईल, असं दोघांनाही वाटलं.

हातमोजे तीन दिवस टिकले. रबरातून देठ लागत नव्हता, म्हणून बायांना जास्त जोर लावून चिमटावं लागत होतं. पहिल्या दिवशी मंगलाने, म्हणजे सुमनअक्कांच्या रिंगणातल्या सगळ्यात तिखट तोंडाच्या बाईने, तो मोजा वर धरून सगळ्या शेडला अहिराणीत विचारलं, "हाई घालीसन मिरची खुडू का म्हैस धवू?" दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मोज्यांची बोटं कापली होती. तिसऱ्या दिवशी मोजे दिसेनासे झाले. हाताला सोसेल असं साधन म्हणून आणलं आणि हाताला जास्त जोर लावायला लागला. हे फळ्यावर नव्हतं.

मग मी एक वही सुरू केली. कोणाचा हात दुखतो, कुठे दुखतो. इथे पहिली मोठी अडचण आली. मिरचीवाल्या बाईला "हात जळतो का?" असं विचारणं म्हणजे कोळ्याला "पाय भिजतो का?" विचारण्यासारखं. सगळ्यांचेच जळतात. त्या घरी जाऊन ताक लावतात, तेल लावतात आणि झोपतात. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "भाऊ, मिरची शे ती. आग नही व्हई त काय व्हई?" नस दाबल्याची आगही तशीच आणि मिरचीची आगही तशीच. वर्षानुवर्षं एकीच्या आड दुसरी लपून बसली असणार.

त्यावर मला करंगळी सुचली. मिरची पाचही बोटांना लागते. नस साडेतीनच बोटांना जाळते. म्हणून वहीत मी एक जादा रकाना आखला: करंगळी जळते का, हो की नाही. हो म्हणाली तर मिरची, नाही म्हणाली तर नस. या रकान्याचा मला फार अभिमान वाटत होता. बायकोलाही दाखवला.

पहिल्या आठवड्यात चाळीस बायांपैकी अकरा जणींच्या तक्रारी आल्या. दुसऱ्या आठवड्यात सतरा. नाना म्हणाले, "वही नव्हती तेव्हा सगळ्या ठणठणीत होत्या!" सतरातल्या पाच जणींची करंगळी जळत नव्हती. मी नानांना सांगून त्या पाच जणींना निवडीच्या कामाला लावलं. अदलाबदल, शिबिरातला दुसरा उपाय. निवड म्हणजे मागच्या खोलीत सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून डागी मिरची बाजूला काढायची. हाताला ते काम हलकं. रोज दीडशे, ठरलेले. यंत्राच्या आवाजात तिथे बोलता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात तक्रारी दोन. चौथ्यात एकही नाही.

त्या दरम्यान, तिसऱ्या आठवड्यापासून, मी तासाला दहा मिनिटांची सुट्टी सुरू केली होती. घंटा वाजली की हात खाली, उठायचं, पाणी प्यायचं, बोटं ताणायची. तक्रारी बंद झाल्या त्या घंटेने, असं मी धरलं. तक्ता काढून भिंतीवर लावला. अकरा, सतरा, दोन, शून्य. पाहुणे आले की नाना तो तक्ता दाखवत.

पण नाना तक्त्याइतकाच काटाही बघत. बाकी रिंगणांचे किलो मालाप्रमाणे रोजच वर-खाली होत, पण घंटा सुरू झाल्यापासून अक्कांच्या रिंगणात गडबड दिसत होती. सहा जणी, आधी प्रत्येकी अठराच्या आसपास. आता पाच जणी पंधरावर आल्या होत्या. सुमनअक्का मात्र अठरावरच. सोळा वर्षांचा हात, मी म्हटलं. नाना म्हणाले, "बघा, कामाची बाई सुट्टीतही मागे पडत नाही. बाकीच्यांना घंटेने आळशी केलं." मी माझ्या परीने आकडे लावले आणि तेही तसंच सांगत होते. अठरा दिवस घंटा वाजली, एकोणिसाव्या दिवशी मी ती बंद केली. निर्णय माझा होता. नानांनी फक्त मान हलवली.

घंटा बंद झाली, पण किलो वाढले नाहीत. सहा दिवस वाट पाहिली. पाच जणी पंधरा, अक्का अठरा. तक्रारीही शून्यच. घंटेने किलो कमी झाले असते, तर घंटा गेल्यावर वाढायला हवे होते. घंटेने तक्रारी थांबल्या असत्या, तर घंटा गेल्यावर यायला हव्या होत्या. मी वही घेऊन एसटीत बसायचो आणि वाटेतलं चिमठाणे कधी आलं, कधी गेलं, ते कळायचं नाही.

शेवटी मी ठरवलं की अक्कांची पद्धत शिकावी. ही बाई बसते कशी, धरते कशी, मनगट किती वळवते, ते घड्याळ लावून टिपायचं आणि सगळ्यांना शिकवायचं. नीट पद्धत, चौथा उपाय. सोमवारी सकाळी मी त्यांना रिंगणातून उठवलं, दाराजवळ उजेडात पोतं अंथरलं, पाच किलो मिरची ओतली, रिकामी टोपली दिली आणि बाकीच्यांना म्हटलं, "आज एक तास सगळ्यांनी अक्कांकडे बघायचं."

अक्का पोत्यापाशी आल्या. बसल्या. पहिली मिरची उचलली. अंगठा देठावर गेला आणि घसरला. परत ठेवला. मग त्यांनी मिरची उजव्या हातात घेतली आणि देठ डाव्या हाताने ओढला. मला वाटलं सगळे बघतायत म्हणून लाजल्या असतील. मी म्हटलं, "अक्का, नेहमीसारखं करा." त्या खाली मान घालून तसंच करत राहिल्या. दहा मिनिटं झाली. टोपलीचा तळ दिसत होता. वीस मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होतो, कारण आकडा लिहायचा होता.

मंगला उठली. चालत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"बस करा, भाऊ. घड्याळ बंद करा. काय पाही राहिनात तुम्ही?"

"अगं, पद्धत..."

"कसानी पद्धत? तिना अंगठा गया. महिना व्हयना. आम्ही बठ्ठ्याजनी टाकतस तिनी टोपलीमा. मूठ मूठ."

मी विचारलं, "मग काट्यावर अठरा?"

"तुमना काटाले काय समजस? काटा काय हात पाहास?"

सुट्टीची घंटा वाजली की मी चहाला जायचो. तेवढ्यात पाच जणी आपल्या टोपलीतल्या मुठी अक्कांच्या टोपलीत रिकाम्या करायच्या. घंटा बंद झाल्यावर त्यांना हे काम चोरून करावं लागलं, एवढाच काय तो फरक. पाच जणींचे प्रत्येकी तीन, म्हणजे पंधरा. अक्कांचे स्वतःचे तीन. बरोबर अठरा. इतका स्वच्छ हिशेब माझ्या वहीत महिनाभर पडून होता आणि मी त्याच्यावरून घंटा बंद केली होती.

मी अक्कांना विचारलं, "वहीत का नाही सांगितलं? मी स्वतः विचारलं होतं. तुम्ही म्हणालात करंगळीही जळते."

त्या म्हणाल्या, "नाव लिखाई गयं का जागा गयी, भाऊ. ज्यासनी करंगळी जळत नव्हती, त्या पाची मांगनी खोलीमा गयात. मंग बठ्ठास्नी करंगळी जळाले लागनी."

शेडमध्ये कोणीतरी हसलं. अक्काही थोड्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझा रकाना बायांना माझ्याआधी कळला होता. दोनशे सोळाचे दीडशे करणारा रकाना. त्यात खरं उत्तर देणारी बाई मूर्खच ठरली असती.

त्यांना मी धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं. मंगला बरोबर आली. डॉक्टरांनी दोन्ही तळहात शेजारी ठेवायला सांगितले. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. डाव्या अंगठ्याखाली मांसाचा उंचवटा होता. उजव्याखाली खळगा. तेवढं बघायला वही लागत नव्हती, घड्याळही लागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया केली की आग आणि मुंग्या थांबतील, पण गेलेला जोर किती परत येईल ते सांगता येत नाही. लवकर आणायला हवं होतं. मी विचारलं, "लवकर म्हणजे किती? महिनाभर?" ते म्हणाले, महिन्याचं नाही हो हे, वर्षांचं आहे. त्याने माझा दोष कमी झाला की वाढला, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. चौदा वर्षं मी तिथेच होतो.

अक्कांनी एकच विचारलं. "माले भाकर थापता येई का?"

डॉक्टर बोलायच्या आत मंगला म्हणाली, "नही उनी त तुनी सून थापी. सासू शेस, बठ नी खा."

"तिनी भाकर तू खाई दखाड," अक्का म्हणाल्या, आणि डॉक्टरांसकट सगळे हसले.

मार्चच्या मध्याला शस्त्रक्रिया झाली. सरकारी दवाखान्यात, तिचा खर्च लागला नाही. पट्टी निघाल्यावर अक्कांना जोर मोजायला एक मऊ चेंडू दाबायला दिला. त्यांनी तो डाव्या हातात घेऊन आधी नीट पाहिला आणि म्हणाल्या, हा मिरचीपेक्षा सोपा आहे. आग थांबली आहे. चिमटीत सुई अजून राहत नाही. भाकरी थापतात, पण लहान.

शेडमध्ये आता घंटा परत आहे. घंटेला हात बदलायचा, उजव्याचं काम डाव्याने, ही सूचना मंगलाची. वहीत नावं लिहीत नाही, फक्त किती हात ते लिहितो. निवडीला जाणाऱ्या बाईला तिच्या आधीच्या महिन्याच्या सरासरीने पैसे मिळतात. याला नानांनी दोन दिवस घेतले. पहिल्या दिवशी म्हणाले, "उद्या सगळ्याच हात धरून येतील." दुसऱ्या दिवशी विचारलं, "माझ्या आईचा उजवा अंगठा शेवटी वळत नव्हता. ते हेच असेल का?" मी म्हटलं, असू शकेल. मला माहीत नाही. त्यांनी सही केली.

तक्रारी पुन्हा आल्या. पहिल्याच आठवड्यात तेरा. हा आकडा वाढला म्हणून आनंद मानायचा, एवढं मी शिकलोय, पण तो कमी होईल तेव्हा काय मानायचं ते मला सांगता येत नाही. घंटेने किलो कमी होतात का, हेही मला खरंच माहीत नाही. त्या अठरा दिवसांत पाच जणींनी आपले अठरा खुडले होते, फक्त तीन दुसरीकडे टाकले. म्हणजे तासाला दहा मिनिटं सुट्टी घेऊनही त्यांचं काम तसूभर घटलं नव्हतं. की मैत्रिणीसाठी त्या जास्त झपाट्याने खुडत होत्या, आणि स्वतःचाच हात जास्त घासत होत्या? मंगलाला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही काय मोजीसन टाकतस का?"

शनिवार, एकोणतीस मार्च. दुपारी चार वाजता ऑफिसात नाना, मी, सुमनअक्का आणि रिंगणातल्या पाच जणी. अक्कांना चाळीस दिवसांची भरपाई, रोजचे दोनशे सोळा धरून, आठ हजार सहाशे चाळीस रुपये, नानांनी मंजूर केली. अक्कांनी पाकीट उघडलंच नाही. मला म्हणाल्या, यासनी किती दिन टाकं, ते सांगा. वही माझ्याकडे होती. चोवीस दिवस, रोज तीन किलो, बारा रुपयांनी. एकीचे आठशे चौसष्ट. पाच जणींचे चार हजार तीनशे वीस.

"ते द्या त्यासले," अक्का म्हणाल्या.

मंगला भडकली. "टोपलीमा टाकेल मिरची कोनी परत लेस का? येडी व्हयनी का तू?"

"नही ल्यात त सोमवारले मी येस नि बठस आठे. पट्टीनाच हातघाई खुडस."

त्या खरंच पट्टीच्या हाताने खुडायला येऊन बसल्या असत्या, हे पाची जणींना माहीत होतं. मंगलाने पहिली सही केली, मग बाकीच्यांनी.

दिले ते असे: पाच जणींना प्रत्येकी आठशे चौसष्ट. सुमनअक्कांना उरले चार हजार तीनशे वीस, ते त्यांनी डाव्या हाताने घेतले. हातमोजेवाल्याला आम्ही यापेक्षा चारशे ऐंशी रुपये जास्त दिले होते.